क्लँगने पायथॉन बिल्ड करताना प्रोफाइल जोडण्याच्या टप्प्यावर वारंवार येणारा एरर: खरं कारण आणि कायमचा उपाय

पायथॉन ३.१४ चा सोर्स उतरवला, नेहमीच्या जीसीसी या कंपायलरऐवजी (सी कोडचा मशीन कोड करणारा प्रोग्राम) क्लँग १९ हा कंपायलर वापरायचं ठरवलं, ऑप्टिमायझेशन चालू केलं. मशीन तपासून बिल्डची आखणी करणारं कॉन्फिगर बिनतक्रार संपलं. प्रत्यक्ष बिल्ड करणारं मेक सुरू झालं, फाइली एकामागून एक कंपाइल झाल्या, पहिला पायथॉन तयार झाला, त्यावर चाचण्या धावल्या. वीस-पंचवीस मिनिटं सगळं सुरळीत. आणि मग ‘एलएलव्हीएम-प्रॉफडेटा मर्ज’ या एका ओळीवर बिल्ड थांबलं. (एलएलव्हीएम म्हणजे क्लँग ज्याचा भाग आहे तो प्रकल्प.) कच्च्या प्रोफाइलची (कोडचा कुठला भाग किती वेळा चालला याच्या मोजणीची नोंद) आवृत्ती जुळत नाही, एकही प्रोफाइल जोडता येत नाही, बस्स.

हा एरर मी स्वतःच्या मशीनवर पाहिला, टीममधल्यांच्या मशीनवर पाहिला, कंटेनरमध्येही पाहिला. दर वेळी कुणीतरी काहीतरी करून तो घालवतं, आणि महिन्याभराने तो परत दारात उभा असतो. परत येतो याचं कारण एकच: आपण लक्षण दाबतो, मूळ तसंच राहतं. ते मूळ काय आहे हे एकदा नीट कळलं की पुढे कधी त्रास होत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय. आज्ञा, पर्याय आणि फोल्डरची नावं उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप करायची.

आधी एक प्रश्न निकालात काढू, कारण तो हमखास विचारला जातो: जीसीसीने पायथॉन छान बिल्ड होतं, मग क्लँगच्या वाटेला जायचंच कशाला? ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ३.१४ मध्ये इंटरप्रिटरचा (पायथॉनचा कोड चालवणारा भाग) नवा प्रकार आला. बाइटकोडच्या (पायथॉन कोडचं अंतर्गत रूप) प्रत्येक सूचनेसाठी छोटं स्वतंत्र सी फंक्शन असतं आणि ती फंक्शनं एकमेकांना टेल कॉलने, म्हणजे परत न येता थेट पुढच्या फंक्शनमध्ये उडी मारून, बोलावतात. त्यासाठी कंपायलरकडून दोन गोष्टींची हमी लागते: टेल कॉल झालाच पाहिजे, आणि त्या कॉलमध्ये रजिस्टरं (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणीच्या जागा) वाचवत बसण्याचा खर्च नको. ३.१४ च्या वेळी हे दोन्ही क्लँग १९ आणि त्यापुढच्या व्हर्जनमध्ये, तेही एक्स८६-६४ आणि एआर्क६४ या प्रोसेसरांवरच मिळत होतं. म्हणून जे लोक कधी क्लँगकडे फिरकले नव्हते, तेही आता तो बसवू लागले.

वेगाच्या आकड्यांबद्दलही सावध राहायला हवं. सुरुवातीला या नव्या प्रकाराने सरासरी ९ ते १५ टक्के वेग वाढतो असं जाहीर झालं होतं. मग लक्षात आलं की तुलना क्लँग १९ नेच बिल्ड केलेल्या जुन्या पद्धतीच्या इंटरप्रिटरशी झाली होती, आणि एलएलव्हीएम १९ मधल्या एका दोषामुळे नेमका तो जुना इंटरप्रिटरच मंदावला होता. पुढे आकडा ३ ते ५ टक्क्यांवर आणला गेला. मला यातून कामाची गोष्ट अशी दिसते की कंपायलरच्या एका व्हर्जनच्या फरकाने इंटरप्रिटरचा वेग जाणवण्याइतका बदलतो. तेव्हा क्लँग १९ वापरत असाल तर टेल कॉलचा पर्याय द्याच. तो न देता क्लँग १९ ने बिल्ड केलंत, तर जीसीसीपेक्षा संथ पायथॉन हाती येण्याची शक्यता आहे. आणि या प्रकारासोबत प्रोफाइलवर आधारित ऑप्टिमायझेशन चालू ठेवावं अशी पायथॉनच्या कर्त्यांचीच ठाम शिफारस आहे. म्हणजे आपला एरर जिथे येतो त्या वाटेने जाण्यावाचून पर्याय नाही.

एकच दुखणं, चार रूपं

लोक हे चार वेगळे एरर समजून चार वेगळे उपाय शोधतात. माझ्या अनुभवात चारही एकाच घरचे आहेत.

पहिलं रूप कॉन्फिगरच्या वेळीच दिसतं: ‘एनेबल-ऑप्टिमायझेशन्स’साठी एलएलव्हीएम-प्रॉफडेटा लागतो, पण तो सापडला नाही. हे त्यातल्या त्यात बरं, कारण निदान वेळ तरी वाया जात नाही.

दुसरं रूप वर सांगितलं तेच, अर्ध्या तासाने उगवणारं.

तिसरं रूप ‘विथ-एलटीओ’ (लिंक करताना सगळ्या फाइली एकत्र ऑप्टिमाइझ करण्याचा पर्याय) दिल्यावर येतं. कधी एलएलव्हीएम-एआर सापडत नाही म्हणून कॉन्फिगर अडतं, कधी लिंकर (कंपाइल झालेल्या ऑब्जेक्ट फाइली जोडून प्रोग्राम बनवणारा) म्हणतो की ही ऑब्जेक्ट फाइल कोणत्या प्रकारची आहे हेच मला ओळखता येत नाही, तर कधी गोल्ड लिंकरचं एलएलव्हीएम प्लगइन नाही म्हणून तक्रार येते.

चौथं रूप कंटेनरमध्ये जास्त दिसतं. लिंक करताना ‘लिबक्लँग-आरटी-प्रोफाइल’ नावाची लायब्ररी फाइल मिळत नाही. कंपायलर बसवलेला असतो, पण त्याच्यासोबतची रनटाइम लायब्ररी वेगळ्या पॅकेजात असते. इमेज लहान ठेवण्याच्या नादात ते पॅकेज राहून जातं.

या चारहींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. आपण ‘क्लँग बसवला’ म्हणतो तेव्हा एका प्रोग्रामबद्दल बोलतो, पण या कामाला त्याचं अख्खं कुटुंब लागतं: क्लँग स्वतः, प्रोफाइल जोडणारा प्रॉफडेटा, आर्काइव्ह करणारा एआर, लिंकर एलएलडी आणि रनटाइम लायब्ररी. हे पाचही एकाच व्हर्जनचे हवेत. घरात पाचही जण आहेत, पण एक जण १९ चा आणि दुसरा १४ चा, असं झालं की बोलणी फिसकटतात.

प्रोफाइलच्या टप्प्यावर नेमकं काय होतं

जीसीसीची सवय असलेल्यांना हा भाग अनोळखी असतो, आणि घोळही इथेच होतो.

ऑप्टिमायझेशन चालू असेल तर मेक पायथॉन दोनदा बिल्ड करतं. पहिल्यांदा कोडमध्ये जागोजागी मोजणीचे काउंटर पेरले जातात. या काउंटरवाल्या पायथॉनवर चाळीसेक चाचण्यांचा संच धावतो. उद्देश चाचणी घेण्याचा नसतो. कुठली फांदी किती वेळा घेतली जाते, कुठलं फंक्शन सतत वापरात आहे, हे मोजायचं असतं. त्या मोजणीच्या आधारे दुसऱ्यांदा कंपाइल होतं ते खरं पायथॉन.

जीसीसीमध्ये प्रत्येक सोर्स फाइलच्या मोजणीची नोंद वेगळ्या फाइलीत जाते आणि दुसऱ्या फेरीत जीसीसी ती स्वतःच वाचतो. मधे तिसऱ्या कुणाची गरज पडत नाही. क्लँगचं तसं नाही. काउंटर पेरलेला प्रत्येक प्रोसेस संपताना बिल्डच्या फोल्डरमध्ये एक कच्ची नोंद लिहून जातो. फाइलीचं नाव ‘कोड’, मग डॅश, मग त्या प्रोसेसचा क्रमांक आणि शेवटी ‘प्रॉफक्लँगआर’ असं एक्स्टेंशन. चाचण्या संपल्यावर एलएस दिलंत तर अशा फाइलींची रांगच दिसते. या सगळ्या कच्च्या नोंदी क्लँग थेट वाचू शकत नाही. त्या एकत्र करून ‘कोड.प्रॉफक्लँगडी’ ही एकच पक्की फाइल बनवायचं काम प्रॉफडेटाचं, आणि मग ती पक्की फाइल क्लँग वाचतो.

कच्ची नोंद म्हणजे जवळजवळ मेमरीतल्या काउंटरांची जशीच्या तशी उतरवलेली प्रत असते. तिचा साचा एलएलव्हीएमच्या एका व्हर्जनमधून दुसऱ्यात बदलू शकतो, आणि जुन्या-नव्याची सांगड घालण्याची हमी इथे दिलेलीच नाही. पक्क्या फाइलीचं तसं नसतं, नवा क्लँग जुनी पक्की फाइल वाचू शकतो. म्हणून १९ च्या क्लँगने लिहिलेली कच्ची नोंद १४ चा प्रॉफडेटा हातात घेतो आणि लगेच नाकारतो. तो बरोबरच करतो. अंदाजाने वाचली असती तर चुकीच्या मोजणीवर आधारलेलं पायथॉन तयार झालं असतं आणि आपल्याला पत्ताही लागला नसता.

कॉन्फिगर चुकीच्या माणसाला का बोलावतं

आता खरा पेच. मशीनवर १९ चा प्रॉफडेटा असतो. मग १४ चा का उचलला जातो?

उबुंटू आणि डेबियनमध्ये एलएलव्हीएमचं प्रत्येक व्हर्जन स्वतःच्या फोल्डरमध्ये राहतं. १९ चं घर म्हणजे /यूएसआर/लिब/एलएलव्हीएम-१९/बिन. त्या फोल्डरमध्ये सगळ्यांची नावं साधी आहेत: क्लँग, एलएलव्हीएम-प्रॉफडेटा, एलएलव्हीएम-एआर. बाहेर /यूएसआर/बिनमध्ये मात्र त्यांच्या लिंक (मूळ फाइलीकडे नेणारी नावं) आकड्यासकट असतात: क्लँग-१९, एलएलव्हीएम-प्रॉफडेटा-१९. आकडा नसलेलं साधं नाव बाहेर मिळतं ते वितरणाच्या ठरलेल्या व्हर्जनचं. उबुंटू २२.०४ मध्ये ते १४ आहे, २४.०४ मध्ये १८.

पायथॉनच्या कॉन्फिगर स्क्रिप्टच्या कर्त्यांना ही अडचण माहीत आहे, तिच्यासाठी त्यांनी खास सोय केली आहे. कंपायलर क्लँग असेल तर स्क्रिप्ट ‘व्हिच क्लँग’ करून ही आज्ञा कुठे सापडते ते बघते. जे मिळालं ती लिंक असेल तर ती कुठे जाते ते पाहते आणि तिथलं फोल्डर शोधाच्या यादीत घालते. हेतू चांगला आहे, पण तीन ठिकाणी तो आपल्या कामाला अपुरा पडतो.

एक, शोध ‘क्लँग’ या साध्या नावाचा होतो. तुम्ही सीसीमध्ये (कंपायलरचं नाव देण्याची जागा) क्लँग-१९ दिलंत तरी स्क्रिप्ट साध्या नावाच्याच मागे जाते, आणि ते नाव १४ च्या घरी पोहोचतं.

दोन, लिंकची एकच पायरी उलगडली जाते. बरेच जण अपडेट-अल्टरनेटिव्हज वापरून साधं ‘क्लँग’ नाव १९ कडे वळवतात. मग /यूएसआर/बिन/क्लँग ही लिंक आधी /ईटीसी/अल्टरनेटिव्हजकडे जाते आणि तिथून पुढे. स्क्रिप्ट पहिल्याच पायरीवर थांबते, आणि यादीत जे फोल्डर घातलं जातं तिथे प्रॉफडेटा नसतोच.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: शोधलेलं फोल्डर पाथच्या (आज्ञा ज्या फोल्डरांत क्रमाने शोधल्या जातात ती यादी) शेवटी जोडलं जातं. म्हणजे आधी नेहमीचा पाथ तपासला जातो. /यूएसआर/बिनमध्ये १४ चा प्रॉफडेटा साध्या नावाने बसलेला असेल, तर तोच आधी सापडतो आणि शोध तिथेच संपतो. कॉन्फिगर खूश, कारण त्याला हवं त्या नावाचं काहीतरी मिळालं. व्हर्जन ते विचारतच नाही.

म्हणून अल्टरनेटिव्हजचा उपाय टिकत नाही. आपण फक्त क्लँगचं नाव वळवतो, कुटुंबातले बाकीचे जुन्याच घरी राहतात. वर पुढे कधीतरी वितरणाचं क्लँग पॅकेज अपग्रेड होतं आणि स्वतःची लिंक परत बसवून मोकळं होतं.

मध्यंतरी टीममधल्या एका मुलीचा फोन आला होता. संवाद साधारण असा झाला.

“सर, परत तोच एरर. काल तर याच मशीनवर बिल्ड झालं होतं.”

“क्लँगचं व्हर्जन बघ.”

“१९ आहे सर, मी तेच आधी बघितलं.”

“आणि प्रॉफडेटाचं?”

थोडा वेळ फक्त कीबोर्डचा आवाज. मग, “१४ दाखवतंय. पण काल कसं झालं मग?”

काल तिने ज्या टर्मिनलमध्ये पाथ बदलला होता तो संध्याकाळी बंद केला होता. आज नवा टर्मिनल, जुना पाथ. मशीनवर काहीच बदललं नव्हतं. ‘काल झालं होतं’ हे वाक्य ऐकलं की मी आता सगळ्यात आधी टर्मिनल तोच आहे का ते विचारतो.

उपाय

अख्खं कुटुंब एकाच घरचं आणायचं, आणि ते घर पाथमध्ये सगळ्यात पुढे ठेवायचं. बाकी सगळं याच्याभोवती आहे.

आधी पॅकेजेस. क्लँग-१९ एकटा बसवून भागत नाही. त्याच्यासोबत एलएलव्हीएम-१९, एलएलडी-१९ आणि लिबक्लँग-आरटी-१९-डेव्ह ही तिन्ही घ्या. प्रॉफडेटा आणि एआर एलएलव्हीएम-१९ मध्ये येतात, चौथ्या रूपातली हरवलेली लायब्ररी शेवटच्या पॅकेजात.

मग पाथच्या सुरुवातीला /यूएसआर/लिब/एलएलव्हीएम-१९/बिन जोडा. सुरुवातीलाच, शेवटी नाही. हे बॅशआरसीमध्ये (नवा टर्मिनल उघडताना दर वेळी वाचली जाणारी फाइल) घालू नका असा माझा आग्रह आहे. तिथे घातलं की त्या मशीनवरच्या तुमच्या प्रत्येक कामाचा क्लँग बदलतो, आणि सहा महिन्यांनी दुसऱ्याच प्रोजेक्टचा बिल्ड का बिघडला हे शोधत बसावं लागतं. चार-पाच ओळींची छोटी शेल स्क्रिप्ट करा: पहिली ओळ पाथ, पुढच्या ओळी कॉन्फिगर आणि मेक. ती सोर्सच्या शेजारी ठेवा. टर्मिनल बंद झाला, मशीन बदललं, माणूस बदलला, तरी पाथ विसरला जात नाही. एरर परत न येण्याचं निम्मं श्रेय मी या स्क्रिप्टला देतो.

पाथ बसल्यावर पडताळणी करा. क्लँग, एलएलव्हीएम-प्रॉफडेटा, एलएलव्हीएम-एआर आणि एलडी.एलएलडी या चौघांना ‘--व्हर्जन’ विचारा. मुख्य आकडा चारही ठिकाणी १९ दिसला पाहिजे. तोच टर्मिनल आधीपासून उघडा असेल तर त्याआधी ‘हॅश -आर’ द्या, कारण बॅश आधी सापडलेल्या आज्ञांचे पत्ते लक्षात ठेवतो आणि नवं पॅकेज बसवल्यावरही कधी कधी जुन्याच पत्त्यावर जातो.

यानंतर स्वच्छ जागा. जीसीसीने अर्धवट बिल्ड केलेल्या त्याच फोल्डरमध्ये सीसी बदलून पुन्हा कॉन्फिगर केलं, की नवी मेकफाइल तयार होते, पण जुन्या ऑब्जेक्ट फाइली जागच्या जागी राहतात. मेकला त्या ताज्याच वाटतात, म्हणून ते त्यांना हात लावत नाही. एलटीओ चालू असेल तर जीसीसीच्या ऑब्जेक्ट फाइलीत मशीन कोडसोबत जीसीसीचं स्वतःचं अंतर्गत रूप असतं, क्लँगच्या फाइलीत एलएलव्हीएमचा बिटकोड. दोघांचं एकमेकांना काही कळत नाही. ‘एलटीओ ऑब्जेक्ट हाताळायला प्लगइन लागतं’ किंवा ‘फाइलीचा प्रकार ओळखता येत नाही’ असे निरोप बहुतेक वेळा इथून येतात. म्हणून कंपायलर बदलला की जुन्या बिल्डचं सगळं पुसणारं ‘मेक डिस्टक्लीन’, त्याला पर्याय नाही. अर्धवट थांबलेल्या बिल्डच्या कच्च्या नोंदीही त्यातच साफ होतात.

मी स्वतः एक पाऊल पुढे जातो आणि सोर्सच्या आत बिल्ड करतच नाही. ‘बिल्ड-क्लँग१९’ असं वेगळं फोल्डर करतो, तिथून वरच्या फोल्डरमधलं कॉन्फिगर चालवतो. जीसीसीसाठी दुसरं फोल्डर. दोन्ही शेजारी शेजारी नांदतात आणि वेगाची तुलनाही करता येते. अट एवढीच की मूळ सोर्स फोल्डर कोरं हवं. तिथे आधी बिल्ड केलेलं असेल तर मेक स्वतःच अडवतं आणि आधी तिकडे साफसफाई करा म्हणून सांगतं.

आता कॉन्फिगर. सीसीमध्ये ‘क्लँग’ हे साधं नाव, सीएक्सएक्समध्ये (सी++ च्या कंपायलरसाठी) ‘क्लँग++’. पर्याय: ‘--एनेबल-ऑप्टिमायझेशन्स’, ‘--विथ-एलटीओ’, ‘--विथ-टेल-कॉल-इंटर्प’, आणि ‘--प्रीफिक्स’मध्ये /ऑप्टखालचं स्वतंत्र फोल्डर. ३.१२ पासून क्लँगला जमत असेल तर एलटीओ आपोआप थिन प्रकारचा निवडला जातो, वेगळं सांगावं लागत नाही.

कॉन्फिगर संपलं की लगेच मेक मारू नका. त्याच्या आउटपुटमध्ये ‘चेकिंग फॉर एलएलव्हीएम-प्रॉफडेटा’ ही ओळ शोधा. स्क्रीनवरून निघून गेली असेल तर कॉन्फिग.लॉगमध्ये मिळते. पुढे जो पूर्ण पत्ता छापलेला असतो त्यात एलएलव्हीएम-१९ दिसलं पाहिजे. नुसतं /यूएसआर/बिन दिसलं तर तिथेच थांबा. ही एक ओळ बघायला पाच सेकंद लागतात, न बघितल्याचं कळायला अर्धा तास. एलएलव्हीएम-एआरच्या ओळीवरही एक नजर टाका.

मग मेक. लिंकर म्हणून एलएलडी वापरा असं सांगावं लागतं, नाहीतर क्लँग सिस्टिमच्या लिंकरकडे जातो आणि त्या लिंकरला बिटकोड कळण्यासाठी प्लगइन शोधत बसावं लागतं. पण हे कॉन्फिगरच्या एलडीफ्लॅग्जमध्ये सांगू नका. मेकच्या आज्ञेतच ‘एलडीफ्लॅग्ज_नोडिस्ट’मध्ये ‘-एफयूज-एलडी=एलएलडी’ द्या. फरक मोठा आहे. एलडीफ्लॅग्जमध्ये दिलेलं सगळं तयार पायथॉन कायमचं लक्षात ठेवतो आणि पुढे पिपने (पायथॉनची पॅकेजेस बसवणारी आज्ञा) बिल्ड होणाऱ्या प्रत्येक एक्स्टेन्शनला (सी कोडमधलं जोड-मॉड्यूल) लावतो. ‘नोडिस्ट’मधलं फक्त पायथॉन स्वतः बिल्ड होईपर्यंत चालतं. कंपाइल करतानाच्या खास फ्लॅगसाठी असाच ‘सीफ्लॅग्ज_नोडिस्ट’ आहे.

दुसऱ्या फेरीत ‘प्रोफाइल जुनं असू शकतं, अमुक फंक्शनांची माहिती जुळत नाही’ अशी वॉर्निंग तुरळक दिसते. ती एखाद-दुसऱ्या फंक्शनपुरती असेल तर सोडून द्या. पानभर आली तर समजा की आधीच्या बिल्डची पक्की फाइल कुठेतरी शिल्लक आहे. डिस्टक्लीन करून पुन्हा सुरुवात करा.

शेवटी ‘मेक ऑल्टइन्स्टॉल’. नुसतं ‘इन्स्टॉल’ केल्यास पायथॉन३ हे नावही आपल्या बिल्डला मिळतं. सिस्टिमच्या कामांना त्या नावाखाली वितरणाचाच पायथॉन लागतो, त्यात आपण ढवळाढवळ करू नये.

क्लँगवर विनाकारण येणारा आळ

मेकच्या शेवटी काही मॉड्यूल बिल्ड झाली नाहीत अशी यादी येते: एसएसएल, सीटाइप्स, बीझेड२, एसक्यूलाइट३, रीडलाइन. ‘क्लँग वापरला म्हणून एसएसएल गेलं’ असं मी अनेकांकडून ऐकलंय. यात क्लँगचा काही संबंध नाही. त्या लायब्ररींची डेव्ह पॅकेजेस (कंपाइल करताना लागणाऱ्या फाइली) मशीनवर नाहीत, जीसीसीनेही हेच झालं असतं. लिबएसएसएल-डेव्ह, लिबएफएफआय-डेव्ह, लिबबीझेड२-डेव्ह, लिबलझ्मा-डेव्ह, लिबएसक्यूलाइट३-डेव्ह, लिबरीडलाइन-डेव्ह आणि झेडलिबचं डेव्ह पॅकेज बसवा, कॉन्फिगर पुन्हा चालवा. सगळी परत येतात.

फ्रीबीएसडीवर आणि मॅकवर काम करणाऱ्यांना कुटुंब फुटण्याचा हा त्रास क्वचितच होतो. फ्रीबीएसडीत २०१४ च्या १०.० पासून क्लँग हाच सिस्टिमचा कंपायलर आहे. मॅकवर तर जीसीसी नावाने हाक मारली तरी क्लँगच उत्तर देतो, आणि पायथॉनचं कॉन्फिगर तिथे प्रॉफडेटा एक्सकोडच्याच साधनांतून मागवतं.

बिल्ड झालं, पण पिप अडलं

इथवर आलेल्यांना आठ-दहा दिवसांनी एक नवा एरर भेटतो, आणि त्याचा धागा आपल्या बिल्डपर्यंत मागे जातो हे पटकन लक्षात येत नाही. पिपने एखादं पॅकेज बसवताना त्याचं तयार व्हील (थेट बसवता येणारं पॅकेज) मिळत नाही, सी कोड कंपाइल करायची वेळ येते, आणि निरोप मिळतो: ‘क्लँग’ ही आज्ञा चालली नाही, अशी फाइलच नाही. मशीनवर जीसीसी धडधाकट बसलेला असतो, तरीही.

पायथॉन ज्या कंपायलरने बिल्ड झाला त्याचं नाव स्वतःजवळ नोंदवून ठेवतो आणि एक्स्टेन्शन बिल्ड करायला त्यालाच बोलावतो. ही नोंद बघायची असेल तर पायथॉनमध्ये सिसकॉन्फिग इम्पोर्ट करा आणि ‘गेट_कॉन्फिग_व्हार’ला ‘सीसी’ विचारा. ‘कॉन्फिग_आर्ग्ज’ विचारलंत तर कॉन्फिगरला दिलेले सगळे पर्याय जसेच्या तसे मिळतात. दुसऱ्याने केलेल्या बिल्डचा माग काढायला यासारखी दुसरी गोष्ट नाही.

आपण सीसीमध्ये नुसतं ‘क्लँग’ दिलं आणि पाथ फक्त स्क्रिप्टपुरता बदलला. त्यामुळे बिल्डनंतर नेहमीच्या टर्मिनलमध्ये ‘क्लँग’ म्हणजे एकतर १४, नाहीतर काहीच नाही. १४ असेल तर बहुधा काम निभतं. काहीच नसेल तर वरचा निरोप येतो.

उपाय दोन आहेत, कुठला घ्यायचा ते पायथॉन कुठे चालणार यावर ठरवा. ज्या मशीनवर बिल्ड केलं तिथेच तो कायम राहणार असेल, तर कॉन्फिगरच्या वेळी सीसीमध्ये पूर्ण पत्ता द्या, /यूएसआर/लिब/एलएलव्हीएम-१९/बिन/क्लँग असा. पाथही पुढे ठेवलेला असल्याने प्रॉफडेटा बरोबरच सापडतो, आणि पुढे पिपला कंपायलर कुठल्याही टर्मिनलमधून मिळतो. पण हाच पायथॉन दुसऱ्या मशीनवर किंवा कंटेनरमध्ये न्यायचा असेल, तर तिथे ते फोल्डर असेलच असं नाही. तिथे साधं नाव ठेवा आणि पिप चालवताना त्या आज्ञेपुढे ‘सीसी=जीसीसी’ लावा.

इथे बरेच जण विचारतात की क्लँगने बिल्ड केलेल्या पायथॉनमध्ये जीसीसीने केलेलं एक्स्टेन्शन चालेल का. लिनक्सवर सी कोडसाठी दोघे एकच बायनरी करार पाळतात, त्यामुळे चालतं, मी रोज चालवतो. लिंक करण्याच्या आज्ञेचीही काळजी नको. नोंदवलेली ती आज्ञा जुन्या सीसीच्या नावाने सुरू होत असेल, तर सेटअपटूल्स (एक्स्टेन्शन बिल्ड करणारं पायथॉनचं पॅकेज) ते नाव काढून तिथे तुम्ही दिलेला कंपायलर घालतं. तरीही एक्स्टेन्शन अडलं, तर सिसकॉन्फिगमध्ये सीफ्लॅग्ज आणि एलडीफ्लॅग्ज बघा. बिल्डच्या वेळी कुणीतरी फक्त क्लँगला कळणारा फ्लॅग, किंवा एलएलडीचा पर्याय, ‘नोडिस्ट’ऐवजी थेट तिथे दिलेला सापडेल. तो हाताने पुसायच्या भानगडीत पडू नका. स्क्रिप्टमध्ये जागा दुरुस्त करा आणि पुन्हा बिल्ड करा.